टर्बोचार्जरचे जनक आल्फ्रेड ब्यूखी

आपल्या जोयडा तालुक्यातले कॅसलरॉक स्टेशन सर्वांना माहीत आहे. तिथून खाली गोव्यातल्या कुळे स्टेशनपर्यंत उतरणारा ब्रागांझा घाट हा आपल्या देशातल्या अवघड रेल्वे घाटांपैकी एक. या घाटात ३७ मीटर पुढे गेले की रूळ १ मीटर वर चढतो. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असले की तो फार मोठा होतो. मुरगाव बंदरातून कोळसा भरून वर येणाऱ्या मालगाडीला म्हणून पुढे आणि मागे मिळून कितीतरी इंजिने लावावी लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे वाफेची इंजिने राबली, नंतर डिझेलची आली. १९९० च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज झाले तेव्हाही घाट चढवण्याचे काम डिझेल इंजिनांनीच केले.

अशा डिझेल इंजिनात शक्ती कशी वाढवतात, आणि ती युक्ती ज्यांनी शोधली त्या गृहस्थांना त्यासाठी किती वर्षे झगडावे लागले, ते या लेखात सांगायचे आहे. रुडॉल्फ डिझेल यांचे नाव प्रत्येक पेट्रोल पंपावर लिहिलेले असते. त्यांच्या इंजिनाला भरपूर हवा पुरवणाऱ्या आल्फ्रेड ब्यूखी यांचे नाव मात्र अभियंत्यांखेरीज फारसे कोणी घेत नाही. आपल्याकडची बरीच मुले दहावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स घेतात. त्यांनी तरी हे नाव लक्षात ठेवावे.

ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुर या गावी झाला. विंटरथुर हे कारखान्यांचे गाव. सुल्झर बंधूंचा यंत्रांचा कारखाना तिथलाच, आणि आगगाडीची इंजिने बनवणारा मोठा कारखानाही तिथलाच. वडील सुल्झरमध्येच कामाला होते. योगायोग असा, की ज्या वर्षी ब्यूखी जन्मले त्याच वर्षी तरुण रुडॉल्फ डिझेल परीक्षेच्या वेळी आजारी पडल्यामुळे पुढच्या परीक्षेपर्यंतचा वेळ अनुभव घेण्यात घालवत होते, आणि तेही याच सुल्झर कारखान्यात. पुढे १८९७ मध्ये डिझेल यांचे इंजिन जर्मनीत यशस्वी झाले. सुल्झरने १८९८ मध्ये आपले पहिले डिझेल इंजिन तयार केले, तेव्हा ब्यूखी अठरा-एकोणीस वर्षांचे होते. ज्या गावात जेवणाच्या पाटावरही यंत्रांचीच चर्चा चालत असणार, तिथला मुलगा अभियंता झाला यात नवल नाही.

त्यांनी झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९०३ मध्ये पदवी मिळवली. वाफेच्या टर्बाइनवर ग्रंथ लिहिणारे आउरेल स्टोडोला हे त्या काळी तिथे प्राध्यापक होते. टर्बाइन हे तेव्हा अगदी नवे यंत्र होते. पदवीनंतर ब्यूखी बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरीला गेले. इंजिनांच्या सहवासात राहून त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळू लागली. इंजिनात जाळलेल्या तेलातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता कामाला येते. साधारण तेवढीच पाण्यावाटे आणि पृष्ठभागावरून जाते, आणि उरलेली तिसरी वाटणी धुराड्यातून गरम धुराबरोबर आकाशात जाते. पैसे मोजून घेतलेल्या तेलाचा एक भाग असा फुकट जाणे त्यांना पटेना.

आपण सुपा धरणाजवळ राहणारी माणसे. काळी नदीचे पाणी उंचावरून पडते म्हणून गणेशगुडीच्या वीजघरातली चक्रे फिरतात. धरण बांधण्याआधीही नदीत ती शक्ती होतीच, फक्त ती खडकांवर आपटून वाया जात होती. (धरणासाठी आपल्यापैकी किती कुटुंबांना जुने सुपे सोडावे लागले ती गोष्ट वेगळी, आणि ती घरोघरी माहीत आहे.) ब्यूखी यांनी धुराकडे त्याच नजरेने पाहिले. सिलिंडरमधून बाहेर पडणारा धूर गरम असतो आणि दाबाखाली असतो. त्याच्या वाटेत एक लहानसे टर्बाइन ठेवले तर ते फिरेल. त्या टर्बाइनच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा कॉम्प्रेसर बसवला तर तोही फिरेल, आणि इंजिनाला जास्त हवा कोंबता येईल. जास्त हवा मिळाली की जास्त तेल पूर्ण जळते, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त शक्ती निघते.

१६ नोव्हेंबर १९०५ रोजी या कल्पनेसाठी त्यांनी जर्मनीत पेटंटचा अर्ज केला. पुढे त्याला २०४६३० हा क्रमांक मिळाला. वय होते २६. हेच ते वर्ष, जेव्हा स्वित्झर्लंडच्याच बर्न शहरात पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइन यांनी आपले गाजलेले निबंध प्रसिद्ध केले. जगाने त्यांची दखल लवकर घेतली. ब्यूखी यांना मात्र २० वर्षे थांबावे लागले.

असे का झाले, हे समजायला कॉम्प्रेसरबद्दल थोडे समजून घ्यावे लागेल. लोहाराचा जुना कातडी भाता तुम्ही पाहिला असेल, निदान आजोबांनी तरी पाहिला आहे. तो दाबला की हवा निघते आणि सोडला की हवा आत येते. सायकलचा पंपही तसाच. असा कॉम्प्रेसर दाब चांगला देतो, पण एकदा पुढे एकदा मागे करण्यात त्याचा वेळ जातो, आणि भरपूर हवा हवी असेल तर तो फार अवजड होतो. पुढे लोहाराकडे हाताने फिरवायचा पंखा आला. त्यात फिरत्या पात्या हवेला मधून घेऊन बाहेरच्या अंगाला फेकतात. हा फिरता कॉम्प्रेसर. आकाराने लहान, न थांबता हवा देणारा, आणि टर्बाइनच्या दांड्यावर सरळ बसणारा. ब्यूखी यांना असाच फिरता कॉम्प्रेसर हवा होता, पण लोहाराच्या पंख्यापेक्षा कितीतरी पट दाब देणारा.

अडचण इथेच होती. फिरत्या पात्या हवेला आधी वेग देतात, दाब नंतर येतो. वेगात निघालेली हवा हळूहळू रुंद होत जाणाऱ्या वाटेतून नेली की तिचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. ही वाट फार पटकन रुंद केली तर हवा भिंतीपासून सुटते आणि भोवरे होतात. नदीचे पात्र एकदम रुंद झाले की काठाला भोवरे पडतात, तसेच. भोवऱ्यात गेलेल्या शक्तीचा दाब होत नाही, तिची नुसती उष्णता होते, म्हणजे इंजिनाला दाट थंड हवेऐवजी विरळ गरम हवा मिळते. शिवाय हवेचा प्रवाह ठराविक मर्यादेपेक्षा कमी झाला तर पुढे दाबलेली हवा उलटी मागे येते आणि कॉम्प्रेसर धडधडू लागतो. त्या काळी पाती कशी वळवावी, वाट किती रुंद करावी, याचे पक्के गणित कोणापाशी नव्हते. विमानाच्या पंखाचे शास्त्र कॉम्प्रेसरच्या पातीला लावून इंग्लंडच्या ग्रिफिथ यांनी निबंध लिहिला तो १९२६ मध्ये.

आठवी-नववीच्या मुलांनी एक साधे गणित करून पाहावे. धुरातली वापरता येण्याजोगी शक्ती १०० धरा. टर्बाइनची कार्यक्षमता ६० टक्के असेल तर दांड्यावर ६० येते. कॉम्प्रेसरही ६० टक्क्यांचा असेल तर त्या ६० मधले ३६ च हवा दाबण्याच्या कामी येतात. दोन्ही ८० टक्क्यांचे असतील तर हाच आकडा ६४ होतो. यंत्रे थोडीशी सुधारली तर फळ जवळजवळ दुप्पट मिळते, आणि थोडी कच्ची राहिली तर हातात काहीच उरत नाही. १९०६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एक गॅस टर्बाइन बांधले गेले होते. त्याचा २५ टप्प्यांचा फिरता कॉम्प्रेसर स्वित्झर्लंडच्या ब्राउन बोव्हेरी कंपनीने केला होता. पण टर्बाइनने निर्माण केलेली बहुतेक शक्ती कॉम्प्रेसरच खाऊन टाकी. सगळे मिळून तेलातली सुमारे ३ टक्केच शक्ती बाहेर येई. ब्यूखी यांच्या काळात फिरत्या कॉम्प्रेसरची अशी अवस्था होती.

१९०९ च्या सुमारास ब्यूखी मायदेशी सुल्झरमध्ये आले आणि डिझेल इंजिनांच्या संशोधनाचे काम त्यांच्याकडे आले. तिथे त्यांनी आपल्या कल्पनेवर प्रयोग सुरू केले. १९१५ मध्ये टर्बोचार्जर लावलेले प्रायोगिक इंजिन चालवून पाहिले. ते चालले, पण हवेचा दाब टिकेना. टर्बाइन धुराच्या वाटेत अडथळा म्हणून उभे राही, त्यामुळे धूर सिलिंडरमध्येच थोडा अडकून पडे, आणि आलेल्या ताज्या हवेला जागा मिळत नसे. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जात होते. त्याच वर्षी त्यांनी ब्राउन बोव्हेरी कंपनीकडे सहकार्यासाठी विचारणा केली, पण तेव्हा काही जमले नाही. त्या काळच्या जर्मन कायद्यात पेटंटची मुदत १५ वर्षांची होती. म्हणजे यंत्र बाजारात रुजण्याआधीच मुदत संपत येणार, हे त्यांना दिसत असणार. अशा वेळी सुखाची नोकरी सांभाळून कल्पना कपाटात ठेवून देणारे पुष्कळ असतात. ब्यूखी यांनी ती ठेवली नाही.

मध्यंतरी पहिल्या महायुद्धात विमाने आली आणि हवेचा प्रश्न सगळ्यांनाच पडला. उंचावर हवा विरळ असते, म्हणून इंजिनाची शक्ती घटते. फ्रान्समध्ये रातो यांनी आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाच्या इंजिनांना धुरावर चालणारे कॉम्प्रेसर लावून पाहिले. मॉस यांनी तर १९१८ मध्ये एक इंजिन ट्रकवर चढवून सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पाइक्स शिखरावर नेले आणि तिथे चालवून दाखवले. समुद्रसपाटीला मिळणारी शक्ती तिथेही मिळाली. कल्पना बरोबर आहे हे यातून सिद्ध झाले. मात्र विमानाच्या इंजिनाचे काही तास आणि जहाजाच्या किंवा आगगाडीच्या इंजिनाची वर्षानुवर्षे यांत फरक आहे. ब्यूखी यांना दुसरे हवे होते.

१९२३ नंतर वारे फिरले. कमी दाबाने हवा भरली तरी डिझेल इंजिनाची शक्ती बरीच वाढते, असे जर्मनीतल्या प्रयोगांत दिसून आले होते. ब्राउन बोव्हेरीला आता रस वाटू लागला, आणि जून १९२४ मध्ये त्यांच्या बाडेनच्या कारखान्यातून मोठ्या इंजिनासाठीचा पहिला टर्बोचार्जर बाहेर पडला. तो विंटरथुरच्याच आगगाडी कारखान्याच्या एका प्रायोगिक इंजिनासाठी होता. जर्मन सरकारनेही ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ ही दोन उतारू जहाजे बांधताना त्यांच्या १० सिलिंडरच्या इंजिनांना ब्यूखी पद्धतीचे टर्बोचार्जर लावायचे ठरवले. ही जहाजे १९२६ च्या सुमारास पाण्यावर आली. एरवी जे इंजिन १७५० अश्वशक्ती देई, ते आता २५०० देऊ लागले. सिलिंडर तितकेच, जागा तितकीच, शक्ती मात्र ४० टक्क्यांहून अधिक वाढलेली.

पण ब्यूखी यांचे खरे मोठे काम माझ्या मते १९०५ चे नव्हे, १९२५ चे आहे. त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या नावाने आणखी एक पेटंट घेतले. शाळेच्या पुस्तकांत पहिल्याचीच तारीख देतात. यंत्र रोजच्या वापरात आले ते मात्र दुसऱ्यामुळे.

कॉम्प्रेसर सुधारण्यासाठी सगळे जण कॉम्प्रेसरकडेच पाहत होते. ब्यूखी यांनी पूर्ण वाट तपासली, म्हणजे हवा कुठून येते आणि धूर कसा जातो ते पाहिले. सिलिंडरची धुराची झडप उघडते तेव्हा धूर एकसारखा वाहत नाही, तो झटक्याने बाहेर पडतो. डिझेल इंजिनाचा ठक ठक आवाज म्हणजे हेच झटके. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच मोठ्या नळीत सोडला तर हे झटके एकमेकांत मिसळून जातात, नळीत कायम दाब राहतो, आणि एका सिलिंडरचा झटका शेजारच्या जवळजवळ रिकाम्या होत आलेल्या सिलिंडरमध्ये उलटा शिरतो. ब्यूखी यांनी नळ्या वेगळ्या केल्या. समजा ६ सिलिंडर आहेत. त्यांतले ज्यांचे झटके एकमेकांपासून दूर दूर येतात असे ३ एका नळीला जोडायचे, उरलेले ३ दुसरीला. दोन्ही नळ्या टर्बाइनपर्यंत वेगळ्याच न्यायच्या. आता प्रत्येक झटका ताजा असताना टर्बाइनवर आदळतो आणि त्याला जोर देतो. आणि दोन झटक्यांच्या मधल्या वेळात नळीतला दाब इतका उतरतो की कॉम्प्रेसरने पाठवलेल्या हवेचा दाब त्याहून जास्त होतो.

नेमक्या त्याच क्षणी त्यांनी हवेची आणि धुराची अशा दोन्ही झडपा थोडा वेळ एकत्र उघड्या ठेवल्या. ताजी हवा एका बाजूने शिरून उरलासुरला धूर दुसऱ्या बाजूने ढकलून देते. घर झाडताना दोन्ही दारे उघडी टाकतात तसे. सिलिंडर स्वच्छ होतो, आणि त्या हवेने पिस्टनचा माथा आणि झडपाही थंड होतात, त्यामुळे जास्त तेल जाळले तरी इंजिन जळत नाही. कॉम्प्रेसर होता तसाच ठेवूनही त्याच्याकडून दुप्पट काम करून घेण्याची ही युक्ती होती. या पद्धतीला पुढे ब्यूखी पद्धत असेच नाव पडले.

आपल्या घाटात चाललेल्या इंजिनांतही हे सारे होते. मीटरगेजवरच्या वायडीएम-४ इंजिनात ६ सिलिंडर आणि सुमारे १४०० अश्वशक्ती होती. १९६२ पासून भारतात आलेल्या आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार झालेल्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये १६ सिलिंडर आणि २६०० अश्वशक्ती. दोघांनाही टर्बोचार्जर होता. दाबल्यामुळे गरम झालेली हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी थंड करून पुन्हा दाट करण्याची सोयही होती. ही इंजिने जोर लावू लागली की सुरुवातीला काळाकुट्ट धूर सोडत, हे मोठ्या माणसांना आठवत असेल. त्याचे कारण असे. चालकाने जोर वाढवताच तेल लगेच वाढते, पण टर्बाइनला पुरेसा धूर मिळून कॉम्प्रेसर वेग घेईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढा वेळ तेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. कॉम्प्रेसरने वेग घेतला की धूर निवळतो. नंतर हुबळीच्या शेडमध्ये आलेल्या ४००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनांत यावर वेगळा उपाय आहे. त्यांचे इंजिन दोन फेऱ्यांचे असल्यामुळे त्याला सुरू होतानाच दाबलेली हवा लागते. म्हणून त्यांचा कॉम्प्रेसर आधी दातेरी चाकांनी इंजिनावरच फिरतो, आणि धुराचा जोर पुरेसा झाला की एक क्लच आपोआप सुटून टर्बाइन त्याला एकटेच फिरवू लागते.

आता पुन्हा ब्यूखी यांच्याकडे वळू. १९२६ मध्ये तीन पक्षांनी मिळून एक संघ स्थापला. टर्बोचार्जर ब्राउन बोव्हेरीने बनवायचे, प्रयोगासाठी इंजिने विंटरथुरच्या आगगाडी कारखान्याने द्यायची, आणि रचना करण्याचे व इंजिन उत्पादकांशी बोलण्याचे काम ब्यूखी यांचे. संघालाही ब्यूखी यांचेच नाव होते. ज्या कंपनीशी अकरा वर्षांपूर्वी जमले नव्हते, तिच्याच बरोबरीला ते आता बसले. निरनिराळ्या देशांतल्या कारखान्यांनी या पद्धतीचे परवाने घेतले. जहाजे, वीजघरे, पंप, आगगाड्या अशा सगळीकडे ती पोहोचली. १९३८ मध्ये, ज्या झुरिकच्या संस्थेत ते शिकले होते त्याच संस्थेने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या वयात पुष्कळ माणसे निवृत्तीचा हिशेब करतात त्या वयात, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर, त्यांना हा मान मिळाला.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथुर येथेच त्यांचे निधन झाले. वय ८० होते. त्यानंतर तीनच वर्षांनी पुण्यात किर्लोस्कर कमिन्सचा डिझेल इंजिनांचा कारखाना सुरू झाला. बाडेनची ब्राउन बोव्हेरी १९८८ मध्ये एका स्वीडिश कंपनीत मिळून एबीबी झाली. त्यांचा टर्बोचार्जरचा विभाग २०२२ मध्ये वेगळा निघाला असून त्याचे नाव आता ॲक्सेलेरॉन आहे. कचेरी मात्र अजून बाडेनमध्येच आहे.